पांदणीचा उतार

१

मी जालना जिल्ह्यात माउंटन बाइकचे मार्ग आखतो असं सांगितलं की पुण्याकडचे सायकलवाले आधी हसतात आणि मग विचारतात, "माउंटन कुठंय?" मी त्यांना पाझर तलावाची भिंत दाखवतो, मुरुम काढून सोडून दिलेली खदान दाखवतो, नाला खोलीकरणात निघालेल्या मातीचे ढिगारे दाखवतो. एवढ्याच भांडवलावर मी सात वर्षांत अकरा मार्ग बसवलेत. बाकी सगळा आनंदीआनंद, म्हणजे सपाट. जाफराबादच्या शाळेत मी भूगोल शिकवतो, त्यामुळे हे सपाटपण मला फळ्यावर काढूनही दाखवता येतं.

हा सगळा खटाटोप पोरीसाठी. माझी प्रिया एकोणीस वर्षांची. मागच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड झाली, तिथं चढावर ती तिसरी होती. उतारावर तिनं एवढे ब्रेक दाबले की शेवटी अकरावी आली. संघात सहा जणी घेतात. परतीच्या एसटीत ती जाफराबाद येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. मी शेजारी बसून मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, कारण चूक तिची नव्हतीच. चढ आम्ही कसाबसा भागवतो. वारा तोंडावर घ्यायचा, मागं मोटारसायकलचं जुनं टायर दोरीनं बांधायचं आणि ओढत राहायचं. पण उताराला पर्याय नसतो. उतार असावाच लागतो. यंदाची निवड फेब्रुवारीत होती आणि या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष.

आमच्या सरावाला एक नियम आहे, मीच केलेला. मार्ग सुरू झाला की संपेपर्यंत पाय जमिनीला लागायचा नाही. चिखल असो, काटे असोत, समोर म्हैस आडवी असो. पाय टेकला की बाद, पुन्हा पहिल्यापासून. प्रिया आठवीत होती तेव्हापासून मी हे तिच्या कानीकपाळी ओरडत आलोय.

प्रियाच्या मनगटावर घड्याळ असतं. ते तिच्या आईनं, संध्यानं, घेऊन दिलेलं. संध्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. घड्याळात स्वतःचं सिम आहे आणि पोरगी कुठं आहे, किती उंचीवर आहे, छातीचे ठोके किती पडताहेत, सगळं माझ्या मोबाइलवर दिसतं. "एकटी रानात हिंडते, पडली-झडली तर आपल्याला कळलं पाहिजे," असं संध्याचं म्हणणं. तिचं बरोबरच होतं.

२

जानेवारीत मी बारावा मार्ग धरला. आमचा जिल्हा संपून बुलढाणा लागतो त्या शिवेवर एक पांदण आहे, शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. दीड किलोमीटर सरळ. दोन्ही हातांना वीतभर हरभरा, झाड एकही नाही. अलीकडच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडच्या टोकाचा विजेचा खांब दिसतो. मला ती फक्त जोडरस्ता म्हणून हवी होती.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघं तिच्यात शिरलो. प्रिया पुढं, मी पन्नासेक फूट मागं. थोडं गेल्यावर तिनं पाणी प्यायला पाय थांबवले आणि तिच्या मागच्या चाकाचा फ्रीव्हील वाजायला लागला. सायकलवाल्यांना हा आवाज पाठ असतो. पायडल थांबलं की किर्रर्र सुरू होतं, सपाटीवर मंदावत जातं, मग टक्, टक्, आणि बंद. मी कधी लक्षही देत नाही.

तिनं पाणी प्यायलं. बाटली अडकवली. हेल्मेटचा पट्टा सारखा केला. किर्रर्र चालूच. मंदावायच्या ऐवजी तो आवाज बारीक होत चालला होता, म्हणजे चाक जोरात फिरत होतं.

मी वाऱ्याचा अंदाज घेतला. वारा तोंडावर होता. मग मीही पाय थांबवले, आणि माझी सायकल माझ्याखालून अलगद पुढं निघाली. डोळ्यांना समोर सपाट दिसत होतं आणि पोटात घाट उतरल्यासारखं होत होतं.

एवढ्यात समोरून एक शेतकरी बंद मोटारसायकल हातानं ढकलत येताना दिसला. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. मी ब्रेक दाबून पाय टेकला. तो कडूबा, त्याची पुतणी माझ्या वर्गात होती.

"पेट्रोल संपलं का, कडूबा?"

"न्हाई सर, टाकी फुल हाय."

"मंग ढकलून कशाला राह्यले?"

"इथं उतरूनच चालावं लागतं. त्या खांबापसून ह्या बांधापत्तर. मोटारसायकल असो न्हाईतर बैलगाडी. पाय जमिनीला पाहिजे."

"का पण?"

कडूबानं विचार केला, अगदी मनापासून केला. "आमचा बाप उतरायचा," तो म्हणाला.

"आन् न्हाई उतरलं तर?"

"कोण न्हाई उतरत?" असं म्हणून तो हसला, आणि मग त्यानं मागं वळून पांदणीकडे पाहिलं. हसू गेलं. "पोरीला हाक मारा सर. जल्दी मारा."

मी त्याच्या पलीकडे पाहिलं तर प्रियानं ब्रेक दाबले होते. वेग वाढला की ती घाबरते, तिची जुनी खोड. एक पाय टेकवून ती उभी होती आणि आमच्याकडे बघून हात हलवत होती.

३

घरी वरच्या खोलीत माझं टेबल आहे. मार्गाचे आलेख मी तिथं बसून काढतो. त्या दिवशीचा आलेख पाहिला. पांदणीची जमीन समुद्रसपाटीपासून ५६२ मीटरवर, एकसारखी. मधेच रेघ नऊ मीटर खाली गेलेली. आणि प्रियानं जिथं पाय टेकला, तिथून ती सरळ उभी वर येऊन पुन्हा ५६२.

नऊ मीटर म्हणजे तीन मजले.

घड्याळ उंची मोजतं ती हवेच्या दाबावरून, वाऱ्याचा झोत बसला की चुकतं. हे मी दहावीच्या पोरांना शिकवतो. स्वतःलाही शिकवलं. तरी बुधवारी शाळा सुटल्यावर शिवाजी गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून घेतली, पाणी भरलेली, साठ फूट लांबीची, आणि एकटाच पांदणीत गेलो. एक टोक काठीला बांधलं, दुसरं हातात घेतलं. दहा ठिकाणी मोजलं. पाणी दोन्हीकडे समान. एकदोन जागी तर खांबाकडे बोटभर चढच निघाला. पाणी खोटं बोलत नाही.

मग सायकलवर बसलो आणि दोन्ही पाय उचलले. सायकल निघाली. पायडल न मारता. तीसेक फुटांवर कानांना दडे बसले, घाटात बसतात तसे. मी ब्रेक दाबून पाय टेकला आणि कान मोकळे झाले. सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा तेच. सातव्या वेळेला धीर झाला नाही. संध्याकाळचं ऊन होतं, दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, भ्यावं असं काही नव्हतं. मी भ्यालो होतो.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. मी स्वतः शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर बोलतो. त्यामुळे भिऊन मी कोणाला सांगणार? म्हटलं, नजरेचा धोका असेल. असे रस्ते असतात, मी वाचलंय. चढ उतारासारखा दिसतो, उतार चढासारखा. पाण्याच्या नळीला नजर नसते, हा मुद्दा मी सोयीनं बाजूला ठेवला.

गुरुवारी प्रिया माझ्या खोलीत आली तीच मोबाइल नाचवत. घड्याळाचा आलेख तिच्याकडेही येतो, हे मी विसरलोच होतो.

"पप्पा, उतार सापडला ना आपल्याला! सांगितलं न्हाई तुम्ही?"

"तो उतार न्हाई. घड्याळ चुकून राह्यलं."

"मला लागला ना पप्पा. पोटात लागला. मी भिऊन ब्रेक दाबला, न्हाईतर किती खाली गेले असते." ती टेबलावर बसली, पाय हलवत. "पुण्याच्या पोरी रोज घाट उतरतात. मला एक उतार पाहिजे. एकच. अन् तो घरापसून अकरा किलोमीटरवर हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. कडूबाचा चेहरा डोळ्यांसमोर होता, बंद झालेले कान आठवत होते. पण एसटीच्या खिडकीकडे तोंड करून बसलेली पोरगीही आठवत होती, आणि बाप माणूस शेवटी आपल्या पोरीच्या तोंडाकडे बघून ठरवतो.

"रविवारी जाऊ," मी म्हणालो. "पण घ्यायचा तर पूर्ण घे. या टायमाला ब्रेक न्हाई. आन् पाय टेकायचा न्हाई."

हे शब्द माझे. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

४

रविवारी संध्या विहारात वंदनेला गेली आणि आम्ही दोघं पांदणीवर आलो. सात वाजून गेले होते. धुकं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. दीड किलोमीटरवरचा खांब स्वच्छ दिसत होता.

मी बांधावर मोबाइल घेऊन उभा राहिलो. प्रियानं दहाबारा पायडल मारले आणि पाय स्थिर केले. किर्रर्र सुरू झालं. मोबाइलवर ५६२. मग ५५८. मग ५४९. मी वर पाहिलं.

आधी तिच्या सायकलची चाकं दिसेनाशी झाली. हरभऱ्याआड गेली असतील असं वाटलं. पण हरभरा वीतभर होता. मग सीट गेली. मग तिची कंबर. ती लांब गेल्यामुळे लहान दिसत नव्हती, ती होती तेवढीच होती, फक्त जमीन तिच्या अंगावर चढत होती. आजूबाजूचं एक पानही हललं नाही.

"पाय टेक!" मी ओरडलो. "प्रिया, पाय टेक!"

तिनं मागं न बघता एक हात वर केला आणि अंगठा दाखवला. तिला वाटलं असेल, पप्पा परीक्षा बघून राह्यले. शेवटी तिचं पिवळं हेल्मेट मातीच्या पातळीवर क्षणभर दिसलं, शेतात राहून गेलेल्या खरबुजासारखं, आणि ते गेलं.

मी पळत गेलो. तिथं काही नव्हतं. चाकाचा माग बरोबर पांदणीच्या मध्यातून आला होता आणि संपला होता. माती टणक, भेग नाही, भोक नाही. मी लाथा मारल्या, नखांनी खरवडली, नावानं हाका मारल्या. मग आडवा पडून जमिनीला कान लावला.

खालून फ्रीव्हीलचा आवाज येत होता. खोल, बारीक आणि लांब लांब जाणारा.

मोबाइलवर आकडे पळत होते. ३१०. २२५. १४०. ठोके मात्र ११८, शांत. पोरगी घाबरलेली नव्हती. तिला मजा येत होती. ९६ वर आकडा थांबला आणि आवाजही थांबला. शहाण्णव मीटर. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एवढ्या खाली काहीच नाही. एवढं खाली जायचं तर पार घाट उतरून कोकणात जावं लागतं.

किती वेळ मी तसा पडून होतो, सांगता येणार नाही. नऊच्या सुमाराला पाठीमागून हाक आली.

"पप्पा? इथं पडून काय करून राह्यले?"

प्रिया. बांधाकडून, डांबरी रस्त्याच्या बाजूनं येत होती. पायी, सायकल हातात धरून. मी उठलो आणि तिला कवटाळलं. रडलो. एवढ्या मोठ्या पोरीला धरून भर रानात ढसाढसा रडलो.

"मी खांबापसून तिकडल्या रोडनं वळून आले," ती म्हणाली. "हाक मारली तुम्हाला, तुम्ही ऐकलीच न्हाई."

झालं. एवढं साधं होतं. उन्हात डोळे दिपले असतील, रात्री झोपही नीट झाली नव्हती. मी डोळे पुसले आणि तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळ?"

"पडलं कुठंतरी," ती म्हणाली. "चला ना घरी."

५

घरी आल्यावर प्रिया बैठकीत खुर्चीवर बसली. दोन्ही पायांचे तळवे फरशीला नीट टेकवून बसली. एरवी ती खुर्चीत मांडी घालते, टेबलावर चढून बसते, पाय हलवते, संध्या ओरडते तरी ऐकत नाही. मी मुद्दाम तिच्या पुढ्यात चटई टाकून बसलो आणि पेपर उघडला. पाऊण तास झाला. पाय हलले नाहीत.

दहा चाळीसला सहज मोबाइल पाहिला. घड्याळ चालू होतं. जागा, पांदण. उंची १९८.

पडलेलं घड्याळ मातीत रुतून चुकीचे आकडे देणार, यात नवल काय? मी पेपरात डोकं घातलं. एक पान झाल्यावर पुन्हा पाहिलं. २०६. मग २१५. आकडा भरकटत नव्हता, संथपणे वर येत होता. त्याखाली लाल अक्षरांत ठोके. १७१.

उंचीचा आकडा वाऱ्यानं चुकेल. पण मातीत पडलेल्या घड्याळाला ठोके कुठून आले?

मी स्वयंपाकघरात गेलो. "संध्या, पोरीची नाडी बघ जरा. दमल्यासारखी वाटून राह्यली."

संध्यानं हात पुसले आणि प्रियाचं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. "बासष्ट," ती म्हणाली. "एकदम बराबर हाय. तुम्हालाच काहीतरी व्हायलं, आरशात तोंड बघा."

मी मात्र मनगट बघत होतो. प्रियानं ते घड्याळ दोन वर्षांत अंघोळीलाही काढलं नव्हतं. उन्हात हात रापला होता आणि पट्ट्याखाली गोरी रेघ पडली होती. मैत्रिणी तिला त्यावरून चिडवायच्या. आता तिथं रेघ नव्हती. कोपरापासून बोटांपर्यंत हात एकाच रंगाचा होता.

तिनं हात सावकाश मागं घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. 

मी वरच्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि घड्याळाला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, वाजत राहिला. तिसऱ्यांदा चार वेळा वाजला आणि कापला गेला. आपोआप बंद झाला नाही, कोणीतरी कापला. चढावर असली की प्रिया नेहमीच फोन कापते. "दम लागलेला असतो पप्पा, बोलू कशी?" असं नंतर सांगते. मी मोबाइल हातात धरून तसाच खाली बसलो.

मग गणित केलं. दुसरं मला काय येतं? आलेखात रेघ नऊपासून चढत होती, तासाला एकसष्ट मीटर. सायकल ढकलत, पायी, उभ्या चढावर, दमलेलं माणूस एवढंच चढेल. उरलेली उंची भागिले एकसष्ट. साडेचारच्या पुढं ती वर पोचणार होती. जे काही चढत होतं, ते वर पोचणार होतं.

एक वाजता ३४०. ठोके १७६. खालून ताटांचा आवाज आला, जेवायला हाक आली. मी जेवलो. समोर प्रिया जेवली, वरण-भात, एक भाकरी जास्त. संध्या तिला वाढताना केसांवरून हात फिरवत होती. मला ते बघवेना. संध्याला काय सांगणार होतो मी? की ही आपली पोरगी नाही, आपली पोरगी मातीखाली सायकल ढकलून राह्यली? मला पुरावा विचारला असता तर मी एक गोरी रेघ दाखवणार होतो, तीही नसलेली. आणि माझंच डोकं फिरलेलं असलं तर? तीन वाजेपर्यंत मी याच घोळात होतो. साडेतीनला ४९२ झाले आणि ठोके १८३ वर गेले. हे फार होतं. एवढ्यावर माणूस किती वेळ टिकणार?

मी मोटारसायकलची किल्ली घेतली.

"घड्याळ शोधून येतो," मी म्हणालो.

प्रिया खुर्चीतच होती. "नका जाऊ पप्पा," ती म्हणाली. "नवीन घेऊ ना."

"इतकं महागाचं घड्याळ, जाऊ दे त्यांना," संध्या आतून म्हणाली.

दार ओढून घेताना मला प्रियाचे तळवे दिसले. फरशीला टेकलेले, बोटं पसरलेली.

६

सव्वाचारला मी पांदणीत होतो. मोटारसायकल बांधावरच लावली आणि चालत गेलो. चाकाचा माग संपत होता तिथं उकिडवा बसलो. ५३८.

हरभऱ्यावर ऊन पडलं होतं. शेतात चिटपाखरू नाही. मी जमिनीला कान लावला. फ्रीव्हील वाजत नव्हता. दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. बुटाखाली खडी सरकल्यासारखं. थांबायचं. पुन्हा सरकायचं. आणि मधे कोणीतरी श्वास घेत होतं, हुंदके दिल्यासारखे, तोंडानं.

"प्रिया," मी मातीला तोंड लावून म्हणालो. "आलो मी. वर बसलोय. चढ."

श्वास थांबला. मग खडी जोरात सरकली.

५५१. ५५४. ठोके १९१. मी तिच्याशी बोलत राहिलो, सरावाला बोलतो तसं. चल, थोडंच राह्यलं, मान खाली, पावलं लहान टाक.  मी तिला पाय टेकू नको म्हणून शिकवलं, आणि तीच पोरगी पाय टेकत टेकत सकाळपासून एकटी चढत होती. ५५८. ५६०.

मोबाइल वाजला. संध्या होती. मी आवाज मोठा करून मोबाइल बाजूला हरभऱ्यात ठेवला, कारण मला हात मोकळे पाहिजे होते.

"अहो, सापडलं का? ही प्रिया बघा काय बोलून राह्यली. म्हणते, मम्मी, पप्पांना सांग, हात देऊ नका. कशाचा हात? मला तर काही कळून न्हाई राह्यलं."

 ती घरी बसलेली, तिला इथलं काय माहीत? आणि तिला माहीत असेल, तर मग खालून येतंय ते काय होतं? क्षणभर मी खरंच हात मागं घेतला. मी तिचा बाप, आणि हात मागं घेतला.

५६२.

मातीवर चार बोटं आली. भेग पडली नाही, ढेकूळ हललं नाही. विहिरीच्या काठाला धरावं तशी बोटांनी सपाट जमीन धरली. नखं तुटलेली, मातीनं भरलेली. मागून मनगट आलं. घड्याळ घामानं निसटून कोपराकडे सरकलं होतं आणि ते होतं त्या जागी, रापलेल्या हातावर, बोटभर रुंदीची गोरी रेघ होती.

"पप्पा," खालून आवाज आला. आवाज कसला, नुसता दम. "हात द्या."

मी दोन्ही हातांनी ते मनगट धरलं. हात गरम होता, नाडी धाडधाड उडत होती. पाय रोवले आणि ओढायला लागलो. डोक्याचं पिवळं टोक दिसलं. ही माझीच होती, आता मला कोणाला विचारायची गरज नव्हती. मी रडत होतो, ओढत होतो, आणि बाजूला हरभऱ्यात पडलेल्या मोबाइलमधून संध्या बोलत होती. माझ्याशी नव्हे, घरातल्या घरात.

"प्रिया? अगं, दाराला आतून कडी कशाला लावून राह्यलीस?"